गॅस न पेटवता केलेलं डिप : सोपं, पण सांभाळून

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी रात्री आमच्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एकाच घरातली सहा माणसं आली. सगळ्यांना उलट्या आणि पोटात मुरडा, दोघांना जुलाबही. ताप मात्र कुणालाच नव्हता. त्या दिवशी नातवाचा वाढदिवस होता. दुपारचं जेवण बाहेरून मागवलेलं, त्यामुळे सगळ्यांचा राग केटररवर होता. पण एकेकाला विचारल्यावर वेगळंच चित्र दिसलं. दुपारी जेवले वीस-बावीस जण. आजारी पडले ते फक्त संध्याकाळी सहाच्या सुमारास फळांबरोबर ‘चीज डिप’ खाणारे. ते डिप सकाळीच घरी कालवलं होतं आणि दिवसभर टेबलावर सजवून ठेवलं होतं. आजी मला म्हणाल्या, “डॉक्टर, त्यात काय बाधणार हो? पनीर, साय, चीज आणि फळं. शिजवलंसुद्धा नव्हतं काही!”

शिजवलं नव्हतं, हेच तर कारण होतं.

डिप कालवणाऱ्या मावशींच्या बोटाला विळीने कापलं होतं आणि त्या जखमेत पू झाला होता. डिपचा नमुना उरला नव्हता, म्हणून प्रयोगशाळेतला पुरावा माझ्याकडे नाही. पण खाल्ल्यावर तीन-चार तासांत उलट्या, ताप नाही आणि पू झालेलं बोट, एवढं जुळल्यावर डॉक्टरच्या मनात ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ या जंतूचंच नाव पहिल्यांदा येतं. सलाइन आणि विश्रांतीवर सगळे दुसऱ्या दिवशी घरी गेले.

हा प्रसंग सांगितला तो डिपची भीती घालण्यासाठी नाही. फळं आणि दूधदुभतं यांचं असं गोड-खारट मिश्रण वेफर्स आणि फरसाणापेक्षा नक्कीच चांगलं. पेरूला तिखट-मीठ लावून खाणाऱ्या आपल्या जिभेला गोड-खारटाची जोडी नवीनही नाही. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं आणि गोडी उठावदार करतं, त्यामुळे साखर कमी लागते. मेच्या उकाड्यात गॅससमोर उभं राहावं लागत नाही, हा फायदा वेगळाच. फक्त एक हिशेब ध्यानात ठेवायला हवा. स्वयंपाकघरातला विस्तव अन्न शिजवतो, तसाच ते निर्जंतुकही करतो. विस्तव वगळला, तर त्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं.

विस्तवाचं काम कोण करणार?

आपल्याकडे दूध घरात आलं की पहिल्यांदा गॅसवर चढतं. ही सवय आपल्याला किती आजारांपासून वाचवते, याची जाणीव आपल्याला नसते. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्‌महिने ताप येई. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला. तो येतो कुठून, हे 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झामित यांनी दाखवलं : शेळीच्या कच्च्या दुधातून. तोच हा ब्रूसेलोसिस. लांबलेला ताप, रात्रीचा घाम आणि कंबरदुखी घेऊन येणारे असे रुग्ण आपल्याकडे आजही सापडतात. त्यात गुराढोरांत वावरणारे आणि धारोष्ण दूध पिणारे अनेक असतात.

पाश्चरायझेशनमध्ये दूध 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद किंवा 63 अंशांना 30 मिनिटं तापवलं जातं. म्हणून डिपसाठीचं दही घरी उकळलेल्या दुधाचं किंवा पाकीटबंद पाश्चराइज्ड दुधाचं असावं. चीजच्या वेष्टनावरही तसा उल्लेख पाहावा.

सुटं पनीर हा यातला नाजूक भाग. पनीर तयार होताना दूध तापवलेलं असतं, पण नंतर ते हात, फडकं, पाणी, सुरी, वजनकाटा या सगळ्यांतून जातं. भाजीत घातलं की पुन्हा शिजतं, म्हणून फारसं बिघडत नाही. डिपमध्ये मात्र ते तसंच पोटात जातं. तेव्हा डिपसाठी थंड साखळीतून आलेलं, तारीख पाहून घेतलेलं पाकीटबंद पनीर घ्या किंवा घरी ताजं करा.

एक साधी कृती

पाच-सहा जणांसाठी अर्धा लिटर घट्ट दही पुरतं. ते उकळून वाळवलेल्या मलमलच्या फडक्यात बांधा. पुरचुंडी खुंटीला किंवा नळाला टांगायची आपली जुनी पद्धत थंडीत ठीक. उन्हाळ्यात मात्र ती गाळणीत ठेवून, खाली पातेलं देऊन, फ्रीजमध्येच ठेवा. पाच-सहा तासांत साधारण वाटीभर चक्का मिळतो. खाली गळलेलं पाणी कणीक भिजवायला वापरता येतं.

चक्क्यात अर्धी वाटी कुस्करलेलं पनीर किंवा किसलेलं चीज, दोन चमचे मध किंवा पिठीसाखर, थोडी भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून घोटा. चीज घातलं असेल तर वरून मीठ नको. त्यात ते पुरेसं असतं. पनीर असेल तर चिमूटभर घाला. शेवटी हापूसच्या बारीक फोडी किंवा मूठभर डाळिंबाचे दाणे मिसळा आणि वाटी फ्रीजमध्ये ठेवा. बुडवून खायला पेरू, सफरचंद, नासपती, काकडी यांच्या फोडी किंवा खाकऱ्याचे तुकडे छान लागतात.

दोन गोष्टी फसतात, त्यांची कारणं सोपी आहेत. कच्चा अननस, पपई किंवा किवी मिसळून ठेवलं तर डिप तासाभरात सैल आणि कडवट होऊ लागतं. या फळांतली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात. ती फळं बुडवून खायला ठेवा, आत मिसळू नका. दुसरं, फळांच्या फोडी आधीपासून मिसळल्या की मीठ आणि साखर त्यांतलं पाणी ओढून घेतात आणि डिपला पाणी सुटतं. म्हणून फळं आयत्या वेळी.

हात, गारवा आणि घड्याळ

आता त्या वाढदिवसाच्या डिपकडे परत जाऊ. साधारण तीन माणसांपैकी एकाच्या नाकात किंवा कातडीवर स्टॅफिलोकॉकस मुक्कामाला असतो. त्याचा त्यांना त्रास नसतो. जखमेत किंवा पुळीत पू झाला की तो मोठ्या संख्येने असतो. बोटावरून तो पनीरमध्ये उतरतो. उकाड्यात दर अर्ध्या तासाला एकाचे दोन होतात असं धरलं, तरी सकाळच्या एका जंतूचे सहा तासांत चार हजारांहून जास्त होतात. वाढता वाढता तो विष तयार करतो. हे विष उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून तासन्‌तास बाहेर राहिलेलं डिप पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून किंवा गरम करून सुधारत नाही. वास आणि चवही बदलत नाही. ‘चाखून बघितलं, चांगलं होतं’ हे म्हणूनच पुरेसं नाही.

‘मीठ आहे, टिकेल’ हाही गैरसमज. इतर अनेक जंतूंना न मानवणाऱ्या खारटपणात हा जंतू मजेत वाढतो. आंबटपणा मात्र खरा मदतनीस आहे. दह्याच्या आंबटपणात बरेच रोगजंतू नीट वाढत नाहीत. पण दही नावाला आणि साय, पनीर, केळं भरपूर, असं झालं की तो आंबटपणा सौम्य होतो आणि संरक्षण कमी पडतं. त्या घरचं डिप नेमकं असंच होतं. वरच्या कृतीत चक्का जास्त आणि लिंबू आहे, ते केवळ चवीसाठी नाही.

तेव्हा नियम असा : 5 ते 60 अंशांच्या मधलं तापमान जंतूंना मानवतं, त्यामुळे असं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. खोली 32 अंशांच्या वर तापली असेल, तर एकच तास. मोठं भांडं टेबलावर मांडण्यापेक्षा छोट्या वाट्या फ्रीजमधून काढत राहा. बोटाला जखम किंवा पुळी असेल, जुलाब होत असतील, तर त्या दिवशी कालवायचं काम दुसऱ्याला द्या.

फळांचंही तेच

फळ सालीच्या आत स्वच्छ असतं, पण सुरी सालीवरची घाण आत नेते. म्हणून सोलायचं असलं तरी फळ आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साबण नको. खरबुजाची खडबडीत साल ब्रशने घासा. कलिंगड, खरबूज, पपई ही फळं फारशी आंबट नसतात. कापल्यावर ती दुधाइतकीच जपायला हवीत.

फ्रीजवरही सगळा भरवसा नको. ‘लिस्टेरिया’ नावाचा जंतू फ्रीजच्या गारव्यातही सावकाश वाढतो. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात मऊ, ताज्या चीजमधून त्याची साथ आली. लॉस एंजेलिस परिसरात 142 जण आजारी पडले आणि 48 मृत्यू झाले. त्यांतले 30 गर्भ आणि नवजात बाळं होती. 2011 मध्ये अमेरिकेतच खरबुजातून आलेल्या साथीत 147 जण आजारी पडले आणि 33 जण दगावले. एकदा चीज, एकदा फळ. आपल्या डिपचे दोन्ही घटक. दोन्ही वेळा अन्न न शिजवता खाल्लं गेलं होतं. अशा साथी विरळ असतात, पण गर्भवतीला हा आजार साध्या ताप-अंगदुखीसारखा होतो आणि बाळाच्या जिवावर बेततो. म्हणून गर्भवती, वयस्कर मंडळी, कर्करोगावर उपचार घेणारे आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी डिप त्याच दिवशीचं, ताजं खावं. बाकीच्यांसाठीही दोन दिवस ही हद्द.

कुणी काय पाहावं?

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये. बोटुलिझमचा धोका असतो. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना द्राक्षं उभी चिरूनच द्यावीत, अख्खं द्राक्ष घशात अडकतं. रक्तदाब असलेल्यांनी चीजपेक्षा चक्का-पनीर निवडावं. दिवसभरातलं सगळं मीठ मिळून 5 ग्रॅमच्या आत हवं. मधुमेहींनी मध-साखर वगळून पेरू आणि काकडीबरोबर खावं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी फळं पोटॅशियमचा विचार करून, आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

आणि एवढं करूनही बाधलंच तर? एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहा, किंवा ओआरएसचं पाकीट वापरा. औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. या विषावर त्याचा उपयोग नसतो. शौचातून रक्त, जास्त ताप, सहा-आठ तास लघवी न होणं, ग्लानी यांपैकी काही दिसलं, किंवा रुग्ण लहान मूल, गर्भवती वा वृद्ध असेल, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. उरलेलं अन्न टाकून न देता झाकून वेगळं ठेवा. तपासणीला उपयोगी पडतं.

घरी जाताना त्या मावशी खूप ओशाळल्या होत्या. “आता पुन्हा नाही करणार,” म्हणाल्या. मी म्हटलं, “करा की. बोट बरं होऊ द्या, दही जास्त घाला आणि वाटी फ्रीजमधून खायच्या वेळीच बाहेर काढा.” गॅस पेटवायचा नसेल तर नका पेटवू. त्या वेळेत हात धुवा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा.