१८९, १९० की ४९१?

पाटसच्या साखर कारखान्यातला फिटर किंवा कुरकुंभ एमआयडीसीतला केमिकल इंजिनिअर ऑस्ट्रेलियात स्थायिक व्हायचं म्हणतो, तेव्हा त्याच्यापुढे गुणांवर मिळणारे तीन व्हिसा असतात. १८९ला कोणाचंही नामांकन लागत नाही, म्हणूनच तिथे चुरस सर्वाधिक. १९०ला एखाद्या राज्याचं नामांकन लागतं, त्याचे ५ गुण मिळतात. हे दोन्ही व्हिसा पहिल्या दिवसापासून कायमचे.

४९१ मात्र ५ वर्षांचा, तात्पुरता. त्याच्या नामांकनाचे १५ गुण मिळतात. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहावं लागतं. पर्थ आणि ॲडलेड चालतात. ३ वर्षांनी १९१ या कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. गुण काठावर असतील, तर माझ्या मते हाच रस्ता धरावा.

किमान ६५ गुण हवेत, पण अर्जाचं निमंत्रण बहुधा त्याहून जास्त गुणांना मिळतं. वयाचे गुण २५ ते ३२ वर्षांत सर्वाधिक, ३०. तेहतीस पूर्ण होताच २५, आणि पंचेचाळीस पूर्ण होताच दार बंद.

खरी अडचण अनुभवाच्या दाखल्याची. ‘अमुक काळ नोकरीस होते, वर्तणूक चांगली’ एवढ्यावर कौशल्य-तपासणी होत नाही. रोजचं काम नेमकं काय होतं, पंप उघडून बेअरिंग बदललं की नुसती देखरेख केली, हे लेटरहेडवर लिहून घ्या. ठेकेदाराकडे नोकरी असेल तर पगारपत्रकं आणि पीएफचा उतारा आजच काढून ठेवा. ठेकेदार बदलला की कागद मिळणं मुश्कील होतं. एजंटला पैसे देण्याआधी ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नोंदवहीत त्याचा क्रमांक तपासा.