बेवारस पिल्ले आणि तात्पुरते पालकत्व : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा सरला की पिंपरी-चिंचवड आणि त्याला लागून असलेल्या चाकण औद्योगिक पट्ट्यात, भंगाराच्या ढिगांमागे, रिकाम्या लाकडी पॅलेटांखाली आणि अर्धवट बांधकामांच्या आडोशाला कुत्र्यांची नवजात पिल्ले दिसू लागतात. त्यांच्याविषयी खरा कळवळा असणारी माणसेही काही रूढ समजुतींमुळे त्यांचे नकळत नुकसान करतात.

यांतील सर्वांत घातक समजूत म्हणजे एकटे दिसणारे पिल्लू अनाथ असते, ही होय. दूध पाजणाऱ्या कुत्रीला स्वतःचे पोट भरण्यासाठी तासन्‌तास दूर राहावे लागते आणि जवळ माणसे उभी असली तर ती परतण्यास कचरते. म्हणून पिल्ले उबदार, शांत आणि भरल्या पोटाची असतील तर त्यांना न हलवता लांबून काही तास लक्ष ठेवणे हाच योग्य मार्ग ठरतो. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला आई टाकून देते, या समजुतीलाही आधार नाही. उलट, कोलकात्याच्या ‘आयसर’ या संस्थेतील संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पश्चिम बंगालमधील अभ्यासात मोकाट कुत्र्यांच्या पिल्लांपैकी जेमतेम 19 टक्के पिल्ले सात महिन्यांपर्यंत जगल्याचे आढळले, आणि मृत्यूंच्या कारणांत माणसाचा वाटा मोठा होता. पहिल्या आठवड्यांत आईला पर्याय नाही, आणि तिच्यापासून पिल्लू तोडणे हे उपकार नव्हेत.

आई खरोखरच मेली असेल, तर वाटीभर गाईचे दूध पुढे ठेवणे हा उपाय वाटतो. परंतु त्यात कुत्रीच्या दुधापेक्षा प्रथिने व स्निग्धांश कमी आणि दुग्धशर्करा जास्त असल्याने पिल्लाला जुलाब होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नवजात पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही आणि अंग गार पडलेल्या पिल्लाची पचनक्रिया मंदावते, त्यामुळे आधी कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीची ऊब आणि मगच पिल्लांसाठी तयार मिळणारे दूध, हा क्रम पाळावा लागतो. पाजताना पिल्लू उताणे धरले तर दूध फुप्फुसांत जाऊ शकते. ते पोटावर पालथे, मान किंचित वर, असेच असावे. सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपोआप लघवी-शी होत नाही, म्हणून प्रत्येक पाजण्यानंतर ओल्या कापसाने त्याची गुद-मूत्रद्वारे हलकेच पुसावी लागतात. हे काम आई चाटून करत असते.

‘महापालिकेची गाडी बोलावली की प्रश्न सुटतो’ हाही गैरसमजच. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सहा महिन्यांखालील पिल्लांना आणि पिल्ले पाजणाऱ्या मादीला शस्त्रक्रियेसाठी पकडण्यास मनाई करतात, त्यामुळे निर्बीजीकरण केंद्र हे पिल्लांचे संगोपनगृह होऊ शकत नाही. शिवाय चाकण हे खेड तालुक्यात, पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे आणि तेथील जबाबदारी तेथील स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. निवारागृह कितीही चांगले असले तरी अनेक प्राणी एकत्र राहत असल्याने तेथे ‘पार्वो’ या आतड्यांच्या विषाणुजन्य रोगाचा धोका राहतोच. हा विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो आणि फिनाईलने मरत नाही. त्यासाठी ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण लागते. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत चालते, आणि एवढा काळ पिल्लाला घर मिळणे म्हणजेच तात्पुरते पालकत्व, ज्याला सर्वत्र ‘फॉस्टरिंग’ म्हणतात.

ते दत्तक घेण्याहून वेगळे आहे: मुदत ठरलेली असते आणि उपचारांचा खर्च कोण करणार हे पिल्लू सोपवणाऱ्या संस्थेशी आधीच ठरवून घेता येते. पाळीत काम करणाऱ्या एकट्या कामगाराला दर दोन-तीन तासांनी पाजावे लागणारे नवजात पिल्लू झेपणार नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे. परंतु स्वतः खाऊ लागलेले, दीड-दोन महिन्यांचे पिल्लू घरातील इतरांच्या मदतीने सहज सांभाळता येते. घरात आधीच कुत्रा असेल तर नव्या पिल्लाला दोन आठवडे वेगळे ठेवावे. तीन ते बारा-चौदा आठवड्यांच्या वयात माणसांची, मुलांची, मिक्सरच्या आवाजाची सवय झालेले पिल्लू पुढे कमी भित्रे होते आणि त्याला कायमचे घर मिळणे सोपे जाते. पिंजऱ्यात हे घडवणे अवघड असते.

पिल्लू घरी ठेवणे जमत नसेल तर निवारागृहात मदत करता येते; मात्र तेथील स्वयंसेवा म्हणजे पिल्लांशी खेळणे, असे मानून येणारे लवकर गळतात. तेथे खरी गरज पिंजरे धुणे, भांडी घासणे, नोंदी ठेवणे आणि वाहनाची सोय करणे यांसाठी असते, आणि हे काम करणारा माणूस तेथील प्राण्यांच्या जगण्यात थेट भर घालतो. नियमित काम करणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली बरी. पिल्लांना रेबीज होत नाही, ही समजूत जिवावर बेतणारी आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो, म्हणून पिल्लाचा दात किंवा नख लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने लसीकरण सुरू करावे.