मोत्या गुरगुरतो, ते ऐकून घ्या



मळ्यात राहायचं म्हटलं की कुत्रा हवाच. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे वस्त्या लांब लांब, शेजारी ऊस नाहीतर द्राक्षबाग, आणि रात्री लाइटचा भरवसा नाही. कांद्याच्या चाळीपासून शेळ्यांपर्यंत सगळी राखण मोत्याच करतो. पण कधी कधी हाच राखणदार घरातल्या माणसांवर गुरगुरायला लागतो. भाकरी टाकणाऱ्या ताईच्या पायाशी बसतो, आणि नवरा, सासूबाई किंवा पोरगं जवळ आलं की दात दाखवतो. गटाच्या बैठकीला बायका अंगणात आल्या तरी त्याला खपत नाही.

आपण हसून म्हणतो, "जळकुकडं आहे मेलं, माझ्यावर लई जीव त्याचा!" पण ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. लहान लेकराचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं. चावा बसला तर गालावर, मानेवर बसतो.

कुत्रा खरंच जळतो का?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रिस्टीन हॅरिस आणि कॅरोलिन प्रूव्हो या दोघींनी ३६ पाळीव कुत्र्यांवर एक प्रयोग केला. तो २०१४ साली छापून आला. मालकाने आपल्या कुत्र्याकडे लक्ष न देता भुंकणाऱ्या, शेपूट हलवणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करायचे. तेव्हा १०० पैकी ७८ कुत्र्यांनी मालकाला ढकललं, पंजा लावला. मालक नुसतं पुस्तक वाचत बसला तेव्हा असं करणारे फक्त २२ निघाले.

म्हणजे आपलं माणूस दुसऱ्याकडे वळलं की कुत्र्याला ते लागतं. त्याच्या मनात नेमकं काय चालतं ते आपल्याला दिसत नाही, पण वागणं दिसतं. 'हे माझं आहे, ते जाईल' अशा धास्तीने तो ताटली राखतो, जागा राखतो, तसंच माणूसही राखतो.

गुरगुर म्हणजे घंटा

कुत्रा सहसा एकदम चावत नाही. आधी अंग ताठ करतो, खाता खाता थांबतो, डोळ्याच्या कडेने बघतो. मग गुरगुरतो, दात दाखवतो, आणि शेवटी झडप घालतो. गुरगुरला म्हणून काठी मारली तर तो गुरगुरायचं सोडेल, पण धास्ती तशीच राहील. उलट, 'माणूस जवळ आलं की मार बसतो' हे पक्कं होईल. मग पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. म्हणून मारू नका. थांबा, लेकराला शांतपणे बाजूला घ्या, आणि तो काय राखतोय ते बघा.

घरी काय करायचं?

१. सगळ्यांनी खाऊ घाला. एकट्या ताईनेच भाकरी टाकली तर मोत्या तिलाच धरून बसणार. एक दिवस नवऱ्याने, एक दिवस सासूबाईंनी टाकावी. जो गुरगुर खातो, त्याच्या हातून आधी लांबूनच भाकरी पडू द्या.

२. माणूस राखत असेल तर उठून जा. मोत्या तुमच्याजवळ बसून दुसऱ्यावर गुरगुरला, तर ओरडू नका आणि कुरवाळूही नका. गुपचूप उठा, आत जा. गुरगुरलं की ताई निघून जाते, हे त्याला कळू द्या. तो शांत असताना मात्र माया करा. घरचं मोठं माणूस जवळ येताना त्याने लांबूनच दुधात बुडवलेला भाकरीचा तुकडा टाकावा. रोज असं केलं तर त्या माणसाच्या येण्याची धास्ती हळूहळू कमी होते. याला काही आठवडे लागतात.

३. ताटलीत हात घालू नका. खात असताना ताटली ओढून 'बघू चावतो का' असं करू नका. काही काढून घ्यायचंच असेल तर दुसरीकडे चांगलं काही टाका, तो तिकडे गेला की उचला. दोन कुत्रे असतील तर लांब लांब जेवायला द्या.

४. बाळ येणार असेल तर आधीपासून तयारी करा. बाळंतीण घरी येण्याआधी बाळाचं दुपटं आणून त्याला लांबून हुंगू द्या. ती घरी आली की बाळ दुसऱ्या कुणाकडे द्यावं आणि तिने आधी मोत्याशी बोलावं. बाळ जवळ असताना त्याला हाड-हाड करून हाकललं, तर बाळ आलं की आपण बाहेर, एवढंच तो शिकेल. मोठं माणूस समोर असल्याशिवाय बाळ आणि कुत्रा एकत्र ठेवू नका, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

५. दिवसरात्र साखळीला बांधू नका. सतत बांधलेला कुत्रा चिडका होतो. शिवाय आपल्याकडे बिबट्याची भीती आहेच. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. रात्री त्याला आत किंवा बंद पडवीत घ्या.

हे जळणं नव्हे

कान दुखतोय, जखम झालीय, गोचीड फार झालेत, तरी कुत्रा गुरगुरतो. पिलं असलेली कुत्री तर राखणारच. पण चांगला कुत्रा अचानक बदलला, विनाकारण चावत सुटला, तोंडातून लाळ गळू लागली, आवाज बदलला, गिळता येईना, तर ते पिसाळण्याचं लक्षण असू शकतं. त्याच्या जवळ जाऊ नका, लेकरांना घरात घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

चावलाच तर

घरचाच कुत्रा आहे म्हणून थांबू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. आता पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत नाहीत. लस दंडात देतात. त्वचेत द्यायची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. पहिला दिवस शून्य धरायचा. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं औषधही द्यावं लागतं, ते डॉक्टरांना विचारा. एकही डोस चुकवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर मात्र वाचतं.

कुत्र्यालाही तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस द्या आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक काम करा. कुणाकुणाकडे कुत्रा आहे आणि कुणाच्या कुत्र्याला लस दिलीय, याची यादी करा. आपल्या पशुसखीताईंना सोबत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा आणि सगळ्यांनी मिळून एकच दिवस ठरवा. एकटीला कुत्रा घेऊन जाणं जड जातं. दहा जणी निघाल्या तर वस्तीतले सगळे मोत्या एका सकाळी होतील.