कुठले देशमुख?

हट्टा परिसरात (ता. वसमत) पाहुण्यानं 'मी देशमुख' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठले देशमुख? सोयरिकीची बोलणी असली तर गावाच्या नावावर भागत नाही, मूळ आडनावही सांगावं लागतं. कारण देशमुख हे कुळाचं नाव नाहीच, हुद्द्याचं आहे.

गावाला पाटील नि कुलकर्णी, तसे परगण्याला देशमुख नि देशपांडे. देशमुखानं वसूल आणि बंदोबस्त पाहायचा. बदल्यात वसुलातला हिस्सा, इनाम जमीन आणि मानपान. हे वतन बापाकडून लेकाकडे जाई, भावाभावांत वाटलं जाई, प्रसंगी विकलंही जाई. ज्याच्या घरी वतन तो देशमुख, मग तो मराठा असो, ब्राह्मण, कायस्थ प्रभू की मुसलमान. पंजाबराव देशमुखांचं घराणं मूळचं कदम. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख मूळचे सिधये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव (१९४३) कोकणातल्या कायस्थ घरातले, तर विलासराव बाभळगावचे मराठा. यांच्यात भाऊबंदकी शोधू नये.

आमच्या जिल्ह्याचे देशमुख म्हणजे नानाजी. जन्म ११ ऑक्टोबर १९१६, सेनगाव तालुक्यातल्या कडोळीचा. १९७७ मध्ये बलरामपूरहून लोकसभेवर गेले, मंत्रिपद नाकारलं, पुढं चित्रकूटला ग्रामविकासात रमले. २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न. वतनदारीचं आडनाव लावणाऱ्यानं स्वतःचा संसारही थाटला नाही, याची मला गंमत वाटते.

धंद्यात पाहिलं तर किर्लोस्कर, गरवारे, चितळे ही आडनावं उद्योगांच्या पाट्यांवर चढली. देशमुख मात्र फारसं चढलं नाही. सुभाष देशमुखांचा सोलापूरचा उद्योगसमूह 'लोकमंगल', रितेश देशमुखांची निर्मितीसंस्था 'मुंबई फिल्म कंपनी', विलासरावांचा साखर कारखानाही सुरुवातीला नदीच्या नावानं 'मांजरा'. अकोल्याच्या कृषी विद्यापीठावर पंजाबरावांचं नाव आहे, पण तो काही धंदा नव्हे.

वतनाच्या दिवसांत आमचा हा मुलूख निजामाचा. त्याचे दिवाण सालारजंग यांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, केली आणि वसुलीचं काम सरकारी तहसीलदारांकडे गेलं. देशमुखांच्या हाती ठरावीक रुसूम, म्हणजे हक्काची रक्कम, उरला, आणि आडनाव. त्याच राज्यात तेलंगणातल्या विसनूरचे देशमुख रामचंद्र रेड्डी जुलमासाठी कुप्रसिद्ध होते; १९४६ मध्ये पेटलेला शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा अशा जमीनदारांविरुद्धच होता. पण तिथं देशमुख हा हुद्दाच राहिला, आडनाव रेड्डीच.