उजनीच्या पोटातली नक्षी

धरण शून्य टक्क्यांवर आलं की संपलं, असं आपल्याला वाटतं. उजनीकाठची माणसं मात्र त्याच्याही खाली मोजत जातात: मायनस दहा, मायनस तीस, मायनस पन्नास! भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे शून्याखालचं पाणी. आकडा मायनसमध्ये खोल उतरला की पाण्यातून देवळं, वाडे वर येऊ लागतात.

त्यात पहिला मान पळसदेवचा. इंदापूर तालुक्यातलं हे जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा लोकांनी काठावर नवं गाव वसवलं आणि देवालाही सोबत नेलं. पळसनाथाचं रिकामं देऊळ तेवढं मागे राहिलं. 2024 च्या उन्हाळ्यात ते पुन्हा उघडं पडलं आणि बघ्यांची रीघ लागली. खाली दगडी बांधणी, कोरीव खांब. वर विटांचं शिखर. त्या शिखरावर चिमुकल्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात. ही भूमिज शैली. सिन्नरचा गोंदेश्वर आणि अंबरनाथचं शिवमंदिर याच घराण्यातले. चाळीसहून जास्त वर्षं बुडत-उघडत राहूनही हे विटांचं शिखर टिकलंय. आजच्या बांधकामवाल्यांनी मुद्दाम जाऊन पाहावं असं आहे!

देवळाच्या आवारातले वीरगळ, म्हणजे वीरांच्या आठवणीचे दगड, नेहमी खालून वर वाचायचे. तळाला लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. दगडातली चित्रकथाच ती.

पलीकडे करमाळा तालुक्यात कुगावचा इनामदार वाडा. तोही पाणी ओसरलं की दिसतो, एरवी त्याच्यावरून होड्या जातात.

होड्यांवरून आठवलं. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या ग्रँड प्लेस चौकात नावाड्यांच्या संघाचं जुनं घर आहे आणि त्याचा माथा चक्क जहाजाच्या मागच्या बाजूसारखा घडवलाय! 1695 मध्ये फ्रेंच तोफांनी तो चौक उद्ध्वस्त केला. बेकरीवाले, बिअर बनवणारे, नावाडी अशा संघांनी काही वर्षांतच बरोक थाटाचे नक्षीदार दर्शनी भाग पुन्हा उभे केले. 1998 पासून तो चौक जागतिक वारसा आहे. पळसदेवच्या नक्षीलाही अशी काळजी घेणारे हात हवेत, आणि ते पाणी खाली असतानाच पोचायला हवेत.

इकडे उजनीकाठी डिकसळची गंमत वेगळीच. 1858 च्या डिसेंबरात पुण्याहून निघालेला लोहमार्ग इथवर आला, आणि पुढचा टप्पा सुरू होईपर्यंत काही महिने डिकसळ हेच शेवटचं स्टेशन होतं. धरण झाल्यावर रूळ दुसरीकडून नेले. जुन्या रेल्वेपुलावरून मग इंदापूर-करमाळ्याची वाहनं धावू लागली.

भिगवणला चिलापीचं कालवण, कुंभारगावला रोहित पक्ष्यांचे थवे. एका दिवसात सगळं होतं. फक्त एक लक्षात ठेवा. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. वारा सुटला असेल तर काठावरच थांबा, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका. देवळातला दगड मात्र आठवण म्हणूनही उचलू नका.