घर बंद, खिडकी उघडी

साथीचे रोग आपल्याला नवे नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १९१८ साली इन्फ्लुएंझा आला. लोक त्याला मानमोडी म्हणत. प्लेगात माणसं घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. २०२० साली कोरोना आला तेव्हा उलटंच झालं. घराबाहेर पडू नका, असं सांगण्यात आलं.

हे असं का? कारण उघड आहे. प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे. उंदीर घरात, म्हणून माणूस बाहेर. कोरोना पसरतो माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून. म्हणून गर्दी नको. पण घरातली हवाही कोंडू द्यायची नाही. खिडकी उघडली की चुलीचा धूर विरळ होतो ना? श्वासातून आलेले जंतूही तसेच विरळ होतात.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही गाडीच्या वेळेवर चालणारी गावं. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघून ठाण्यालाच आली होती. ती लोकल थांबली. सर्वसामान्य पुरुषाला १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत तिच्यात पाय ठेवता आला नाही.

गाड्या थांबल्या आणि पाखरं ऐकू येऊ लागली. लोक म्हणाले, पाखरं वाढली. पण बहुतेक पाखरं आधीपासून इथंच होती. मोटारींच्या आवाजात त्यांचा आवाज बुडत होता, एवढंच. 'टुक् टुक्' करतो तो तांबट. कुहू कुहू करतो तो कोकीळ, म्हणजे नर. मादी आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. ठाण्याच्या खाडीत गुलाबी रोहित पक्षी उतरतात. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो.

घरातही असंच झालं. सकाळी सातला बाहेर पडून रात्री नऊला परतणाऱ्या पुरुषाने घर दिवसाउजेडी पाहिलं. पाणी भरणं, भांडी, धुणं, पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधं. ही कामंही पूर्वीपासून होतीच. ती दिसत नव्हती. सगळे घरी राहिले तेव्हा ती वाढली. काही घरांत पुरुषांनी केरसुणी हातात घेतली. काही घरांत नाही घेतली.

ज्यांचं पोट रोजच्या मजुरीवर, त्यांना मात्र खिडकीत बसणं परवडलं नाही. नाशिकच्या रस्त्याने माणसं डोक्यावर बोचकं, कडेवर पोर घेऊन चालत आपल्या मुलखाला निघाली. हेही विसरू नये.

त्या दिवसांत आम्ही रोज दोन ओळी लिहीत होतो. गॅलरीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं. अंडी दिसली ती तारीख लिहिली. पिल्लं निघाली ती लिहिली, उडाली ती लिहिली. तारखा मोजल्या तेव्हा कळलं, अंड्यातून निघायला सुमारे दोन आठवडे आणि उडायला आणखी दोन आठवडे. त्याच वहीत एका पानावर एवढंच आहे: 'समोरचे भाऊ गेले. खांदा द्यायला जाता आलं नाही.'

लिहिलं म्हणून ते राहिलं. पुढे १६ जानेवारी २०२१ पासून लस मिळू लागली, लोकल भरून वाहू लागली, आणि माणसं बरंच विसरली. वही मात्र विसरली नाही.

म्हणून वाचकहो, तुम्ही आता लिहायला शिकला आहात, तर एक वही करा. वर तारीख घाला. खाली दोन ओळी लिहा. आज कोणतं पाखरू ओरडलं? घरात कोणी काय काम केलं? कोण आजारी आहे, कोण बरं झालं? अक्षर वाकडं आलं तर येऊ द्या. उद्या तुमच्या नातवाने विचारलं, 'आजी, तेव्हा काय झालं होतं?' तर वही काढून त्याच्या हातात देता येईल.