मामांची वाचा बसली तेव्हा

आमचे मामा चोपड्याच्या बाजारात बोलघेवडे म्हणून प्रसिद्ध. घरात अहिराणी, पेढीवर मराठी आणि सुरतेच्या कापूसवाल्यांशी गुजराती, अशा तीन भाषा ते टोपी बदलावी तशा बदलीत. एका सकाळी उजवे अंग लुळे पडले आणि तिन्ही भाषा एकदम गेल्या! उरला एकच शब्द: ‘बरं’. पाणी हवे असले तरी ‘बरं’, आणि सूनबाईंनी चहात साखर कमी घातली तरी ‘बरं’च, फक्त जरा चढ्या आवाजात.

लोक म्हणाले, “भ्रमिष्ट झाले.” शेताचे कागद आताच मुलांच्या नावे करून घ्या, असा सल्ला एका आप्ताने त्यांच्या खाटेशी उभे राहूनच दिला. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तेव्हा आम्ही चरकलो. त्यांना सारे कळत होते!

मेंदूशी माझा संबंध मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यापुरता. पण त्या काळजीने वाचू लागलो. 1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात डॉ. ब्रोका यांनी असाच एक रोगी पाहिला. त्याला ‘तां’ एवढेच उच्चारता येई, म्हणून सारे त्याला ‘तां’च म्हणत. रागावला की मात्र एक शिवी अखंड बाहेर पडे! तो वारल्यावर मेंदू पाहिला, तो डाव्या बाजूस पुढच्या भागात इजा आढळली. बहुतेकांची वाचा डाव्या मेंदूत असते, आणि उजवे अंगही तोच चालवतो. म्हणून दोन्ही एकदम जातात. 1874 साली जर्मनीच्या वेर्निके यांनी उलट प्रकार वर्णिला: इजा जरा मागे झाली की रोगी भराभर बोलतो, पण अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला उमगत नाही. वाचाघाताचे असे अनेक प्रकार आहेत.

शिवीसारखेच तोंडात बसलेले अंक, वार, प्रार्थनाही पुष्कळदा शाबूत राहतात. एका दिवेलागणीला नात ‘शुभंकरोती’ म्हणू लागली आणि मामा सुरात सूर मिसळून सबंध म्हणाले! आम्ही थक्क. सुरावरून शब्दाकडे नेण्याची पद्धत बोस्टनच्या तज्ज्ञांनी 1973 साली मांडली होती, हे मला मागाहून कळले. आमच्याकडे नातीनेच ती सुरू केली. ‘पाणी दे’सुद्धा ती गाऊन म्हणवून घेई.

सहा महिन्यांनी ते आप्त पुन्हा कागदांचे विचारायला आले. मामांनी बराच वेळ ओठ हलवले आणि अहिराणीत म्हणाले, “नही.”

चहा मात्र त्यांना दिला.